टेन्युअर म्हणजे प्राध्यापकाला काढताच येत नाही? तसं नसतं ते

लोणी की मार्गरीन (म्हणजे तेलापासून केलेलं लोण्यासारखं) यावरून एका कॉलेजातलं अख्खं इकॉनॉमिक्स डिपार्टमेंट विस्कटलं होतं असं सांगितलं तर पटणार नाही, पण झालंय तसं. साल १९४३, महायुद्ध ऐन भरात, अमेरिकेत लोण्याचं रेशनिंग चालू, आणि आयोवा स्टेट कॉलेजातले अर्थशास्त्राचे लोक युद्धाच्या काळात शेतीचं धोरण काय असावं यावर छोट्या छोट्या पुस्तिका काढत होते. त्यातल्या पाचव्या पुस्तिकेत ब्राउनली नावाच्या एका तरुण संशोधकाने हिशोब मांडून लिहिलं की लोणी काढण्यात उगाच जास्त मनुष्यबळ जातंय, त्यापेक्षा मार्गरीन वापरा, पौष्टिकतेला आणि चवीला ते लोण्याच्या तोडीचं आहे. झालं! आयोवा म्हणजे दूधदुभत्याचा मुलुख, डेअरीवाले खवळले, कॉलेजच्या प्रेसिडेंटवर दबाव आला, पुस्तिका मागे घेतली गेली आणि सुधारून काढायचं ठरलं. डिपार्टमेंटचे प्रमुख थिओडोर शुल्ट्झ यांनी चिडून राजीनामा दिला आणि ते शिकागोला निघून गेले, मागोमाग आणखीही बरेच जण पांगले. १९७९ मध्ये त्याच शुल्ट्झना अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. म्हणजे आयोवाने लोण्याची अब्रू राखली आणि नोबेलवाला घालवला.

हा किस्सा मला आवडतो कारण यात धर्म, देशद्रोह, निवडणूक असलं काहीच नाहीये, साधा पावाला काय लावायचं हा प्रश्न, आणि तरी एवढं रामायण. प्राध्यापकाचं कामच असं आहे की त्याने शोधलेलं कधी ना कधी कोणाला तरी झोंबणार, आणि ज्याला झोंबतं तो नेमका पगार देणाऱ्याच्या ओळखीतला निघतो. कधी देणगीदार, कधी मंत्री, कधी ज्याच्या मतदारसंघात डेअऱ्या आहेत असा आमदार. मग माणसाने जे दिसलं ते लिहावं आणि त्याची चूलही पेटती राहावी यासाठी काय सोय करायची? अमेरिकेने याचं जे उत्तर काढलं ते टेन्युअर, म्हणजे कारण सिद्ध केल्याशिवाय प्राध्यापकाला काढता येणार नाही अशी हमी. आपल्याकडे त्याबद्दल दोन टोकाची मतं ऐकू येतात, एक म्हणजे "तिकडे प्रोफेसरला काय वाट्टेल ते बोलता येतं" आणि दुसरं "काम नाही केलं तरी चालतं बुवा". दोन्ही अर्धवट. आणि सध्या तिथे ही सोय मोडीत काढायचे प्रयत्न जोरात चालू आहेत, त्यामुळे ती नक्की काय आहे ते नीट बघू.

सुरुवात स्टॅनफर्डपासून करावी लागते. लीलँड स्टॅनफर्ड हा रेल्वेच्या धंद्यातला बडा धनिक, त्याने ही युनिव्हर्सिटी काढली, १८९३ मध्ये तो वारला आणि सगळा कारभार त्याच्या बायकोच्या, जेन स्टॅनफर्डच्या हातात आला. एकटी ट्रस्टी. म्हणजे मीटिंग बोलवायचीही गरज नाही, बाई म्हणतील ती पूर्व दिशा. तिथे एडवर्ड रॉस नावाचे प्राध्यापक होते, ते चांदीच्या नाण्यांच्या बाजूने जाहीर बोलायचे, जे त्या काळी धनको मंडळींना अजिबात खपायचं नाही, शिवाय शहरातल्या ट्राम खाजगी कंपन्यांच्या हातात नकोत, नगरपालिकेने चालवाव्यात असंही म्हणायचे. मालकिणीच्या घरचा पैसा रेल्वेचा, त्यामुळे हे कुठे जाऊन लागलं असेल ते सांगायला नको. बाईंनी युनिव्हर्सिटीचे प्रेसिडेंट जॉर्डन यांच्यामागे लकडा लावला, जॉर्डननी बरीच टोलवाटोलवी केली, पण नोव्हेंबर १९०० मध्ये शेवटी रॉस बाहेर पडले. इतिहासाचे जॉर्ज हॉवर्ड त्यावर भर वर्गात बोलले म्हणून त्यांनाही जावं लागलं आणि मग निषेध म्हणून आणखी काही जणांनी आपणहून राजीनामे टाकले. त्यात आर्थर लव्हजॉय नावाचा तत्त्वज्ञानाचा एक तिशीच्या आतला शिक्षक होता, त्याचं नाव लक्षात ठेवा.

आता एक गोष्ट लपवून चालणार नाही. रॉसचं जे भाषण शेवटी निमित्त ठरलं ते जपानी लोकांनी अमेरिकेत येऊ नये या विषयावर होतं, आणि ते सरळसरळ वंशद्वेषी होतं. म्हणजे शैक्षणिक स्वातंत्र्याच्या लढाईतला हा पहिल्या फळीचा हिरो आज आपल्याला घरी चहालाही बोलवावासा वाटणार नाही. मला वाटतं हे सुरुवातीलाच माहीत असलेलं बरं, कारण या विषयावर बोलताना लोकं नेहमी आपल्या आवडीच्या माणसाचं उदाहरण घेतात आणि मग सगळं फार सोपं वाटायला लागतं.

पुढे १९१५ मध्ये हाच लव्हजॉय आणि जॉन ड्यूई या दोघांनी पुढाकार घेऊन अमेरिकेतल्या प्राध्यापकांची संघटना काढली, अमेरिकन असोसिएशन ऑफ युनिव्हर्सिटी प्रोफेसर्स. ड्यूई पहिले अध्यक्ष. शैक्षणिक स्वातंत्र्य म्हणजे काय याचा पहिला जाहीरनामा ज्या समितीने लिहिला तिचे प्रमुख होते एडविन सेलिगमन, हे स्टॅनफर्डच्या प्रकरणाची चौकशी करणाऱ्या अर्थशास्त्रज्ञांमध्येही होते. आता ड्यूई आणि सेलिगमन ही दोन्ही नावं आपल्याकडे वेगळ्याच कारणाने ओळखीची आहेत, हे दोघे कोलंबिया युनिव्हर्सिटीत बाबासाहेब आंबेडकरांचे शिक्षक. बाबासाहेब तिथे १९१३ ते १९१६ होते, म्हणजे त्यांचे गुरुजी ज्या वर्षी हा जाहीरनामा लिहीत होते त्याच वर्षी ते तिथे एम.ए. करत होते. हा योगायोग मला कळला तेव्हा मी दोनदा तारखा तपासल्या.

त्या जाहीरनाम्याचा गाभा असा होता की प्राध्यापकाची नेमणूक जरी ट्रस्टींनी केली तरी त्याच्या विद्वत्तेचा निवाडा ट्रस्टींनी करायचा नाही, तो त्याच्या विषयातल्या लोकांनी करायचा. न्यायाधीशाला सरकार नेमतं म्हणून निकाल काय द्यायचा ते सरकार सांगत नाही, तसंच. पुढे १९४० मध्ये या संघटनेने कॉलेजांच्या संघटनेबरोबर बसून एक निवेदन केलं आणि अमेरिकेत आजही तेच प्रमाण मानतात. त्यात स्वातंत्र्याचे तीन भाग आहेत. संशोधन करण्याचं आणि ते छापण्याचं, वर्गात आपला विषय शिकवण्याचं, आणि तिसरं, वर्गाबाहेर एक नागरिक म्हणून बोलण्याचं. पहिल्या दोनबद्दल फारसं कोणी भांडत नाही निदान तोंडाने तरी, आणि दुसऱ्याला मर्यादाही घातलेली आहे, की विषयाशी संबंध नसलेल्या वादग्रस्त गोष्टी वर्गात घुसडू नका, गणिताच्या तासाला निवडणुकीवर प्रवचन झोडायचं नाही. भांडण होतं ते तिसऱ्यावरून.

तिसऱ्याचं उदाहरण द्यायला अमेरिकेत जायचीही गरज नाही. र. धों. कर्वे मुंबईच्या विल्सन कॉलेजात गणित शिकवायचे. १९२१ मध्ये त्यांनी संततिनियमनाचं केंद्र काढलं आणि त्या विषयावर उघड बोलायला-लिहायला लागले, कॉलेज मिशनऱ्यांचं, त्यांना ते झेपलं नाही, आणि १९२५ मध्ये कर्व्यांना नोकरी सोडावी लागली. आता बघा, त्यांच्या गणित शिकवण्यात खोट होती असं कोणी म्हटलं नव्हतं. वर्गात ते संततिनियमनाबद्दल बोलत होते अशीही तक्रार नव्हती. वर्गाबाहेर, स्वतःच्या वेळात, स्वतःच्या पैशाने एक माणूस काय बोलतो यावरून त्याची नोकरी गेली. नंतर त्यांनी मासिक काढलं, अश्लीलतेचे खटले झेलले, एका खटल्यात तर बाबासाहेबच त्यांचे वकील होते, पण सगळं कसंबसं, पदरमोड करून, पत्नी मालतीबाईंच्या कमाईवर. आपण त्यांचा त्याग म्हणून कौतुक करतो. ठीक आहे, करावं, पण मुळात एका गणिताच्या मास्तराला त्याग करायची वेळ का यावी हा प्रश्न आपण फारसा विचारत नाही.

बरं, आता टेन्युअर प्रत्यक्षात मिळतं कसं. अमेरिकेत असिस्टंट प्रोफेसर म्हणून टेन्युअर ट्रॅकवर लागलात की पुढची साधारण सहा वर्षं म्हणजे लांबलेली परीक्षाच. १९४० च्या निवेदनाप्रमाणे हा उमेदवारीचा काळ सात वर्षांच्या वर न्यायचा नाही. तिसऱ्या वर्षी बहुतेक ठिकाणी एक मधली तपासणी होते आणि सहाव्या वर्षी फाईल जाते. फाईलमध्ये छापलेले पेपर, पुस्तकं, आणलेल्या ग्रँट, विद्यार्थ्यांनी दिलेले शेरे, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे बाहेरची पत्रं, म्हणजे दुसऱ्या युनिव्हर्सिटीतल्या त्याच विषयाच्या बड्या लोकांना तुमचं काम पाठवून विचारतात की या माणसाबद्दल तुमचं मत काय, आणि ते काय लिहितात हे तुम्हाला बहुतेकदा दाखवतही नाहीत. मग डिपार्टमेंटमध्ये मतदान, मग कॉलेजची समिती, मग डीन, मग प्रोव्होस्ट (युनिव्हर्सिटीचा शैक्षणिक कारभार बघणारा), शेवटी ट्रस्टी. नाही म्हणाले तर "पुढच्या वर्षी परत बघू" असं नसतं, एक शेवटचं वर्ष देतात आणि मग गाशा गुंडाळा. ज्यांची मुलं-पुतणे तिकडे या ट्रॅकवर आहेत त्यांनी "झालं का रे पर्मनंट?" असं दर रविवारी फोनवर विचारताना हे जरा ध्यानात घ्यावं, पोरगं सहा वर्षं धड झोपलेलं नसतं.

आपल्याकडे यूजीसीच्या २०१८ च्या नियमांप्रमाणे शिक्षकाचा प्रोबेशन काळ एक वर्ष, फार तर आणखी एक वर्ष वाढवता येतो. इकडे वर्ष भरलं, फारशी भानगड केली नाही, की कायम. त्यामुळे टेन्युअरचा विषय निघाला की आपल्या डोळ्यासमोर आपलं कायम होणं येतं आणि वाटतं की हे तर सरकारी नोकरीसारखंच. पण तिकडे एकदा मिळालं की मिळतं काय? एक गोष्ट मिळते. तुम्हाला काढायचं तर कारण द्यावं लागतं, ते कारण सिद्ध करायची जबाबदारी युनिव्हर्सिटीची, आणि सुनावणी तुमच्याच बरोबरीच्या प्राध्यापकांसमोर. बस, एवढंच आहे हो. कारणं काय काय चालतात? संशोधनात चोरी, खोटा डेटा, विद्यार्थ्यांचा छळ, शिकवायलाच न येणं, युनिव्हर्सिटी खरोखर कंगाल होणं, कधी अख्खा अभ्यासक्रमच बंद होणं. मे २०२५ मध्ये हार्वर्डने बिझनेस स्कूलच्या फ्रान्चेस्का जीनो यांचं टेन्युअर डेटात फेरफार केल्याच्या ठपक्यावरून काढून घेतलं. त्यांनी आरोप नाकारले, कोर्टकचेऱ्या केल्या, पण टेन्युअर गेलं ते गेलं. म्हणजे काढताच येत नाही ही अफवा आहे. काढायला वेळ लागतो, कागद लागतात, आणि "वरून फोन आला होता" हे कारण कागदावर लिहिता येत नाही, यातच सगळी मेख आहे.

आता अवघड केस घेऊ. वॉर्ड चर्चिल, कोलोरॅडो युनिव्हर्सिटीतले टेन्युअर असलेले प्राध्यापक. २००१ मध्ये न्यूयॉर्कचे टॉवर पडल्यावर त्यांनी एक लेख लिहिला आणि त्यात टॉवरमध्ये मेलेल्या काही लोकांची तुलना नाझी अधिकारी आइखमनशी केली. अत्यंत घाणेरडं वाक्य, मला विचाराल तर. तीन-चार वर्षं कोणाचं लक्ष गेलं नाही, २००५ च्या सुरुवातीला एका कॉलेजने त्यांना भाषणाला बोलावलं तेव्हा ते उकरून निघालं आणि देशभर आगडोंब, कोलोरॅडोच्या गव्हर्नरने जाहीरपणे राजीनामा मागितला. युनिव्हर्सिटीने तपासून सांगितलं की लेख कितीही वाईट असला तरी त्यावरून काढता येणार नाही. पण त्याच दरम्यान त्यांच्या जुन्या संशोधनाबद्दलच्या तक्रारी पुढे आल्या, चौकशी समिती बसली, समितीला उचलेगिरी आणि बनावट पुरावे सापडले, आणि जुलै २००७ मध्ये बोर्डाने ८ विरुद्ध १ मतांनी त्यांना काढलं.

ते कोर्टात गेले. २००९ मध्ये ज्युरीने निकाल दिला की हो, याला खरं तर त्या लेखापायीच काढलंय, आणि भरपाई किती दिली तर एक डॉलर. एक! म्हणजे ज्युरी म्हणाली की तुझ्यावर अन्याय झालाय, पण तू आम्हाला आवडलेला नाहीस. नंतर न्यायाधीशाने तोही निकाल फिरवला आणि २०१२ मध्ये कोलोरॅडोच्या सुप्रीम कोर्टाने युनिव्हर्सिटीच्याच बाजूने शिक्का मारला. या केसवर दोन शहाणी माणसं आजही भांडू शकतात. समितीला जे सापडलं ते सापडलंच होतं, पण तो लेख गाजला नसता तर शोधायला कोण गेलं असतं? मला दोन्ही बाजू पटतात आणि त्यामुळे माझी पंचाईत होते. पण एक बघा, भांडता येतंय कारण सगळं कागदावर आहे. समितीचा अहवाल आहे, मतदान आहे, साक्षी आहेत. टेन्युअर नसतं तर सेमिस्टर संपल्यावर एक दोन ओळींचं पत्र आलं असतं आणि आपल्याला हे नाव माहीतही नसतं.

विरोधकांचं म्हणणंही ऐकायला हवं, त्यात काही सगळंच फालतू नाही. टेन्युअर मिळाल्यावर हातपाय पसरून बसणारे असतात, वीस वर्षं त्याच पिवळ्या पडलेल्या नोट्सवर तास रेटणारे असतात, हे ज्याने कॉलेज बघितलंय त्याला कोणी समजावून सांगायला नको. त्यावर उपाय म्हणून टेन्युअरनंतरही दर काही वर्षांनी कामाचा आढावा घ्यायचा अशी पद्धत बऱ्याच ठिकाणी आहे, तो आढावा सहकाऱ्यांनी घेतला तर माझी काहीच तक्रार नाही. फ्लोरिडाने २०२२ मध्ये कायदाच करून दर पाच वर्षांनी आढाव्याची वाट मोकळी केली. टेक्सासमध्ये २०२३ ला टेन्युअर बंदच करायचं विधेयक सिनेटने पास केलं होतं, शेवटी जो कायदा झाला त्यात टेन्युअर राहिलं पण काढण्याची कारणं कायद्यात लिहिली गेली. या सगळ्यात आळशी प्राध्यापकाचं नाव पुढे करतात, पण टेक्सासमध्ये हा विषय पेटला कधी, तर टेक्सास युनिव्हर्सिटीच्या प्राध्यापकांनी वंशभेदाबद्दल काय शिकवायचं ते आम्ही ठरवू असा ठराव केला त्यानंतर लगेच. आळशी लोक ठराव करत नाहीत.

आणि विस्कॉन्सिन. तिथे १८९४ मध्ये रिचर्ड एली या अर्थशास्त्राच्या प्राध्यापकावर संपकऱ्यांना फूस लावल्याचा आरोप झाला होता, राज्याच्या शिक्षण खात्याच्या प्रमुखानेच केला होता, आणि बोर्डाने सुनावणी घेऊन एलीला निर्दोष सोडलं, वर असं लिहिलं की बाकी कुठे चौकशीवर काय बंधनं असतील ती असोत, विस्कॉन्सिनने मात्र न भिता सतत चाळत-पाखडत राहावं, सत्य सापडतं ते त्यातूनच. ते वाक्य धातूच्या पाटीवर कोरून युनिव्हर्सिटीच्या मुख्य इमारतीवर लावलेलं आहे. त्याच राज्यात टेन्युअर थेट राज्याच्या कायद्यात लिहिलेलं होतं, अमेरिकेत हे फार दुर्मिळ. २०१५ मध्ये गव्हर्नर स्कॉट वॉकर यांच्या काळात बजेटच्या विधेयकातून ते कायद्यातून काढलं, सोबत युनिव्हर्सिटीच्या बजेटला २५ कोटी डॉलरची कात्री. टेन्युअर बंद नाही केलं, फक्त कायद्यातून उचलून बोर्डाच्या धोरणात ठेवलं, आणि अभ्यासक्रम बंद झाला तर टेन्युअरवाल्यालाही घरी पाठवता येईल अशी सोय केली. तेव्हा बरेच जण म्हणाले की उगाच ओरडताय, कागदावरचा फरक आहे. २०२४ च्या ऑगस्टमध्ये विस्कॉन्सिन-मिलवॉकीचं एक अख्खं कॉलेज बंद करताना तीसहून जास्त टेन्युअर असलेल्या प्राध्यापकांना कमी करायला बोर्डाने मंजुरी दिली. पाटी अजून तिथेच आहे.

पण खरं सांगू का, ही भांडणं ज्यांच्यासाठी चालली आहेत ते आता अल्पसंख्य झालेत. प्राध्यापकांच्या त्याच संघटनेचे आकडे आहेत, १९८७ मध्ये अमेरिकेतल्या कॉलेजांत शिकवणाऱ्यांपैकी ३९ टक्के पूर्णवेळ आणि टेन्युअर असलेले होते, २०२१ मध्ये २४ टक्के. आणि कंत्राटी किंवा अर्धवेळ, टेन्युअरच्या वाटेवरही नसलेले, ४७ वरून ६८ टक्क्यांवर गेले. यासाठी कोणीही विधेयक आणलं नाही, कोणी भाषण केलं नाही. एक म्हातारा प्राध्यापक रिटायर झाला की त्याची जागा भरायची नाही, त्याचे तास तीन कंत्राटी लोकांत वाटून टाकायचे, संपलं. ब्रिटनने निदान उघडपणे केलं, १९८८ च्या कायद्याने नव्या नेमणुकांसाठी टेन्युअर बंद केलं, आणि गंमत म्हणजे त्याच कायद्यात प्राध्यापकांना रूढ मतांना आव्हान द्यायचं स्वातंत्र्य असेल असंही लिहून ठेवलं.

कंत्राटी असण्याने नक्की काय बिघडतं हे समजायला १९७२ चे दोन खटले पुरेसे आहेत, दोन्हींचा निकाल अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने एकाच दिवशी दिला. डेव्हिड रॉथ, विस्कॉन्सिनातलेच, एका वर्षाच्या करारावर राज्यशास्त्र शिकवत होते, वर्षाअखेर कळवलं की पुढच्या वर्षी गरज नाही, कारण काही दिलं नाही. रॉथ म्हणाले मी प्रशासनावर टीका केली म्हणून काढलं, निदान कारण सांगा. कोर्ट म्हणालं की करार एका वर्षाचा होता, तो संपला, कारण सांगायला ते बांधील नाहीत. दुसरे रॉबर्ट सिंडरमन, टेक्सासचे, राज्याच्या कॉलेजांत मिळून दहा वर्षं शिकवलेले, शिक्षक संघटनेचे अध्यक्ष, तेही बोर्डाच्या विरोधात बोलले होते, त्यांचाही करार वाढवला नाही. त्यांच्याकडे औपचारिक टेन्युअर नव्हतं, पण कॉलेजच्याच माहितीपुस्तिकेत लिहिलं होतं की काम समाधानकारक आहे तोवर शिक्षकाने आपली नोकरी कायम आहे असं समजावं. कोर्ट म्हणालं की त्या वाक्यावर विसंबून इतकी वर्षं काढलीत हे दाखवता आलं तर तुम्हाला सुनावणी मिळायला हवी. पुस्तिकेतल्या एका वाक्याने एवढा फरक पडला. बोलण्याचं स्वातंत्र्य रॉथलाही तेवढंच होतं, पण ते वापरल्यामुळे नोकरी गेली हे सिद्ध कसं करणार, समोरचा तर काही बोलतच नाही.

आता हे वाचताना महाराष्ट्रातल्या सिनियर कॉलेजात तासिका तत्त्वावर शिकवणाऱ्या कोणालाही रॉथ आपल्या शेजारच्या स्टाफरूममधला वाटेल. सीएचबीवाला (क्लॉक अवर बेसिस), म्हणजे तासाला पैसे, जेवढे तास तेवढेच, उन्हाळ्याच्या सुट्टीत शून्य, आणि जूनमध्ये परत जाहिरात, परत मुलाखत, परत तोच फॉर्म. नेट, सेट, पीएचडी सगळं आहे, दहा-दहा वर्षं हेच चालू आहे. अनुदानित कॉलेजातल्या कायम प्राध्यापकाला काढलं तर त्याला निदान विद्यापीठ आणि महाविद्यालय न्यायाधिकरणात दाद मागता येते, वर्षानुवर्षं लागतात पण दार आहे. सीएचबीवाल्याला मुळात कोणी काढतच नाही, जूनमध्ये फक्त बोलवत नाहीत. माझ्या ओळखीत एक जण आहे, इतिहास शिकवतो, चांगला शिकवतो, पण एका विशिष्ट शतकावर आला की पुस्तकातलं वाचून दाखवतो आणि पुढे जातो. त्याला कोणी धमकी दिलेली नाही, प्राचार्यांनी एक शब्द काढलेला नाही. त्याला जून माहीत आहे.

आपल्याकडे ही चर्चा निघाली की पगाराची आणि भरतीची होते, ती व्हायलाच हवी, पोटाचा प्रश्न आधी. पण मागण्यांच्या यादीत आणखी एक अगदी बिनखर्चाची मागणी घालता येईल. ज्याने आपल्या कॉलेजात सलग काही वर्षं सीएचबीवर शिकवलंय आणि त्याच्या विषयाचे तास अजून शिल्लक आहेत, त्याला पुढच्या वर्षी घेणार नसाल तर एका पानावर कारण लिहून द्या, त्यावर विभागप्रमुखाची सही घ्या, आणि विद्यापीठाकडे त्याची एक प्रत पाठवा. कारण काहीही असू दे, निकाल खराब लागला, दुसरा जास्त पात्र मिळाला, तास कमी झाले. फक्त लिहा.